कॅसलरॉक की वेंगुर्ला: जोडून सुट्टी आली तर कुठे?

सावंतवाडी-कुडाळकडच्या माणसाला जोडून सुट्टी आली की मालवणची गर्दी नको असते, गोव्याचा खर्च नको असतो. 'जरा जुनं, शांत काहीतरी' बघायचं म्हटलं की फिरून फिरून दोन नावं निघतात. कॅसलरॉक म्हणजे घाटमाथ्यावरचं, कर्नाटकाच्या हद्दीतलं रेल्वेचं गाव. वेंगुर्ला तर आपलंच बंदर. दोन्हींचा भर ओसरलाय, आणि गंमत अशी की एकाचा दुसऱ्यामुळे ओसरला.

एके काळी बेळगावकडचा माल बैलगाड्यांनी घाट उतरून वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर यायचा. १८७८ साली ब्रिटिश आणि पोर्तुगीजांचा करार झाला, मुरगाव बंदरापासून घाट चढत मीटरगेज रूळ पडले आणि १८८८ साली ते कॅसलरॉकला ब्रिटिश मुलखातल्या रेल्वेला जोडले गेले. माल आता बसल्या जागी मुरगावात उतरू लागला. वेंगुर्ल्याच्या पेढ्या थंडावल्या आणि कॅसलरॉक हद्दीवरचं ठाणं झालं: इथं आपली जकात, खाली घाटाच्या पायथ्याशी गोव्यातल्या कुळ्याला पोर्तुगीजांची. १९५५ साली भारतानं ही वाहतूक बंद केली. १९६१ साली गोवा मुक्त झाला आणि हद्दच राहिली नाही. तरी मुंबईहून रेल्वेनं गोव्याला जाणारा माणूस मिरजेला गाडी बदलून याच घाटानं उतरायचा. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि तोही गेला.

मग आज कॅसलरॉकला बघायचं काय? देऊळ, किल्ला, बाजारपेठ असल्या यादीत टिक मारायची सवय असेल तर काहीच नाही. नावात किल्ला आहे, गावात नाही. बघायचा तो घाट आणि त्यात राबणारी रेल्वे. कुळ्यापासून वर येताना चढ सदतिसाला एक, म्हणजे सदतीस मीटर पुढं गेलं की एक मीटर वर. रेल्वेच्या हिशेबात ही भिंतच. त्यामुळे वर येणाऱ्या मालगाडीला मागूनही इंजिनं लावतात. फलाटावर बसून राहिलात तर गाडी दिसायच्या बऱ्याच आधी दरीतून घरघर ऐकू येते. पुढची इंजिनं धुक्यातून बाहेर येतात, वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, सरकत राहतात, आणि शेवटी ढकलणारी इंजिनं दिसतात. ती इथं सुटतात आणि पुन्हा खाली जातात. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक तपासल्याशिवाय तिला पुढं सोडत नाहीत. घाटात मार्ग एकेरीच आहे. दुहेरीकरणाचा प्रस्ताव होता, पण जंगलाचं कारण देऊन सर्वोच्च न्यायालयानं २०२२ साली त्याला परवानगी नाकारली. म्हणून इथल्या गाड्या थांबतात, वाट बघतात. ज्याला हे बघत दोन तास काढता येतात त्यानं जावं. सोबतचा माणूस दर दहा मिनिटांनी 'आता पुढं काय?' विचारणारा असेल, तर त्याला घरीच ठेवा.

दूधसागरचं मात्र डोक्यातून काढून टाका. कॅसलरॉकहून रुळावरून चालत धबधब्याला जाण्याचे व्हिडिओ अजून फिरतात. ते बेकायदा आहे, आणि बोगद्यात गाडी समोर आली तर बाजूला व्हायला जागा नसते. आरपीएफ, म्हणजे रेल्वे सुरक्षा दल, पकडते, आणि पकडावंच. धबधब्याच्या पायथ्याशी जायचं तर कुळ्याहून जीप मिळते, पण पावसाळ्यात ती बंद असते. पावसात धबधबा बघायची खरी जागा म्हणजे गाडीची खिडकी.

वेंगुर्ल्याचं उलट आहे. तिथं दिवस कसा भरायचा हा प्रश्नच येत नाही. सतराव्या शतकातली डच वखार बघा. जांभ्याच्या जाड भिंती, त्यातून शिरलेली मुळं. पडझड बघून वाईट वाटेल, पण डच कंपनीचा कारभार इथून चालायचा हे त्या भिंतींची जाडी बघूनच पटतं. मग दीपगृह, नवाबागचा किनारा, सागरेश्वर. सकाळी बाजारातल्या मासळीकडे नक्की जा. उगाच बांगडा उलटसुलट करून बघणाऱ्याला 'घेवचो नसात तर हात लावू नुको' हे ऐकायला मिळेलच. दुपारी खानावळीत जेवण, सोलकढी. म्हातारी माणसं, लहान मुलं बरोबर असतील तर मी दुसरा विचारच करणार नाही, वेंगुर्लाच.

पण महिना बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, समुद्र खवळलेला असतो, आणि वेंगुर्ल्याची निम्मी मजा तिथंच जाते. नेमके तेच दिवस कॅसलरॉकचे. ऑक्टोबरनंतर पारडं फिरतं: घाट हळूहळू सुकतो, बंदर जागं होतं. एप्रिल-मे महिन्यात तर खालचा आंबा-काजू टाकून घाटावर चढायचं कारण मला तरी सापडत नाही.

जाण्याचं म्हणाल तर वेंगुर्ल्याला रेल्वे नाही. कुडाळ किंवा सावंतवाडी स्टेशनला उतरून एसटी किंवा रिक्षा. कॅसलरॉकला स्टेशन आहे, पण थांबणाऱ्या गाड्या मोजक्या. आपल्याकडून मडगावला जाऊन गाडी बदलायची. स्वतःची गाडी असेल तर अनमोड घाट चढून आत वळायचं. पावसात घाटाची खबर काढूनच निघा. बाजूला काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे, त्यामुळे अंधार पडल्यावर हुंदडायचं नाही. मराठी-कोकणी चालते, भाषेची काळजी नको. जेवणाची करा. मुक्काम आधी ठरवलेला नसेल तर चहा-भज्यांवर रात्र काढावी लागेल.

ज्यांना रेल्वेचं वेड आहे पण फलाटावर बसायचा धीर नाही, त्यांनी कॅसलरॉकला उतरूच नये. मडगावहून दिवसा घाट चढणारी गाडी पकडावी, घाटापलीकडच्या लोंढा जंक्शनला उतरून जेवावं आणि परतीच्या गाडीनं उजेडात घाट उतरावा. दोन्ही गाड्यांच्या वेळा जुळतात का, ते तिकीट काढण्याआधी बघा. एखाद्या वारी जुळत नाहीत.