इराणी क्रांतिकारकांचा नकाशा-संच: पुस्तिका घ्या, बाण दुरुस्त करा

सोलापुरातल्या पुस्तक-प्रदर्शनात मिळणाऱ्या या संचात चार बाय तीन फुटांचा भिंतीवरचा नकाशा आणि मराठी पुस्तिका आहे. विषय: १९२१ पर्यंतचे इराणी कम्युनिस्ट आणि त्यांचे परदेशी साथीदार.

नकाशावर मॉस्कोहून इराणकडे एकच जाड लाल बाण. खोट इथेच आहे. माणसं आधी उलट दिशेला गेली. तेलंगणातला विणकर सोलापूरच्या मागावर आला, तसा इराणी अझरबैजानातला मजूर पोटासाठी रशियन साम्राज्यातल्या बाकूच्या तेलविहिरींवर गेला, आणि तिथेच १९१७ मध्ये ‘अदालत’ पक्ष, म्हणजे इराणी कम्युनिस्ट पक्षाचा पूर्वावतार, उभा राहिला. त्याआधी १९०८-०९ मध्ये शाहच्या फौजेने तब्रिझच्या राज्यघटनावाद्यांना घातलेल्या वेढ्यात जॉर्जियन आणि आर्मेनियन क्रांतिकारक लढले होते. त्यांच्यासाठी नकाशात साधा ठिपकाही नाही. तिथे मारला गेलेला अमेरिकन शिक्षक हॉवर्ड बास्करव्हिल मात्र फोटोसकट झळकतो!

पुस्तिकेतलं गिलान या इराणच्या कॅस्पियन किनाऱ्यावरच्या प्रांतावरचं प्रकरण उत्तम. १८ मे १९२० ला सोव्हिएत सेनानी रास्कोल्निकोव्हचं आरमार अंझली बंदरात, जूनच्या सुरुवातीला रश्तमध्ये जंगलातल्या बंडखोरांचे पुढारी मिर्झा कूचक खान यांचं सरकार, आणि त्यानंतर, जूनच्या उत्तरार्धात, अंझलीत कम्युनिस्ट पक्षाचं अधिवेशन. पक्षाने सरकार आणलं असं सर्रास सांगितलं जातं; इथे क्रम बरोबर आहे. खान कम्युनिस्ट नव्हतेच. जमीनवाटप आणि धर्मविरोधी प्रचारावरून बिनसलं, जुलैत ते जंगलात परतले. पक्षाच्या दोन नेत्यांपैकी सुलतानझादेंना लगेच समाजवादी क्रांती हवी होती, तर हैदर खान अमू-ओगलींना आधी इंग्रजांविरुद्ध सगळ्यांची मोट बांधायची होती. हा वादही नीट उलगडलाय. २६ फेब्रुवारी १९२१ चा सोव्हिएत-इराण करार मात्र दोन ओळींत उरकलाय. गिलान का कोसळलं ते त्याशिवाय कळत नाही: लाल फौज माघारी गेली आणि मागे राहिलेले आपसांत लढले.

नकाशा घडी घालून देतात. एक घडी नेमकी अंझली-रश्तवरून जाते. चार-पाचदा उघडला की तिथली शाई उडते. गुंडाळीच मागा. मांजरपाटावर मैद्याच्या खळीने चिकटवा, खळीत चिमूटभर मोरचूद घाला, नाहीतर कसर लागते. पंख्याखाली सुकवलात तर कडा वळतात. सावलीत, रात्रभर वजनाखाली ठेवा. बाकू-तब्रिझ बाण हातानेच काढावा लागेल, दोन्हीकडे टोक असलेला. तो चिकटवण्याआधी काढा. ओल्या कागदावर शाई पसरते.