राजवाड्याजवळचं जुन्या पुस्तकांचं दुकान आणि अस्पासिया

साताऱ्यात राजवाड्याकडून मोती चौकात येताना एका बोळात जुन्या पुस्तकांचं दुकान आहे, पाटीबिटी काही नाही. गल्ल्यावर काका बसतात पण पुस्तक मागितलं की आत बघून "अगं, ते कुठाय" म्हणून हाक मारतात आणि काकू ढिगात हात घालून बरोब्बर तेच काढतात. मी पोराचं सातवीचं गाईड घ्यायला गेलेले, तर काकू म्हणाल्या "तुला इतिहास आवडतो ना, हे ने". ग्रीसवरचं जाडजूड मराठी पुस्तक, पुठ्ठा सुटलेला, आत पेन्सिलीनं ८० रुपये.

रात्री जेवणं आटोपून उघडलं आणि अस्पासियापाशीच अडकले. ही बाई मिलेटस शहरातली, म्हणजे आताच्या तुर्कस्तानातली, अथेन्समध्ये परकी. अथेन्सचा पुढारी पेरिक्लिस, त्यानंच इ.स.पू. ४५१ च्या सुमारास कायदा आणलेला की आईबाप दोघं अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक, आणि पुढं त्याच माणसाचा जीव हिच्यावर जडला, म्हणजे कायदेशीर लग्न नाहीच, तरी शेवटपर्यंत एकत्र राहिले. बायकांना तिथं सभेत मत नव्हतं, पण हिच्या घरी सॉक्रेटिससारखी माणसं यायची, आणि प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस चक्क म्हणतो की पेरिक्लिसचं भाषण हिनंच रचलं! काही अभ्यासक त्याला थट्टा मानतात. अथेन्सनं सामोस बेटाशी केलेल्या लढाईचं खापरही हिच्यावरच फोडलं, कारण सामोसचं वैर मिलेटसशी. नाटकवाल्यांनी तर नको नको ते लिहिलं. तिच्या हातचं एक अक्षर उरलेलं नाही, पण मला वाटतं जिचं घरात काही चालतच नाही तिच्यावर गाव एवढं कशाला जळेल? आपल्याकडं ताराबाईंनी १७५० मध्ये छत्रपती रामराजांना इथल्याच किल्ल्यावर कैदेत टाकलं, पण ते उघड उघड होतं, हिला सगळं उंबऱ्याच्या आतून करावं लागलं. प्लेगमध्ये पेरिक्लिसची पहिल्या बायकोची दोन्ही पोरं गेली तेव्हा हिच्या पोराला नागरिकत्व मिळालं, बापाच्या कायद्याला अपवाद करून, ते वाचताना गळा दाटून आला.

दुकान दुपारी १ ते ४ बंद असतं, सुट्टे पैसे न्या, आणि घेताना पानं चाळून घ्या. माझ्या पुस्तकात एक अख्खा फर्मा, १६ पानं, गायब निघाला, नेमका पेरिक्लिस गेल्यानंतरचा. परत घेऊन गेले तर काकूंनी न मागता २० रुपये परत दिले, आणि दुसरी प्रत आली की बाजूला ठेवायची म्हणून माझं नाव वहीत लिहून घेतलंय.