हॉल्टर लावावा की टिल्ट टेस्ट करावी?

वरचेवर शुद्ध हरपून पडणाऱ्या माणसाला बेळगावात ईसीजी आणि इको झाल्यावर बहुतेक हाच प्रश्न पडतो. हॉल्टर म्हणजे छातीला स्टिकर लावून दिवसभर ठोके नोंदवणारं छोटं मशीन; टिल्ट टेस्ट म्हणजे टेबलावर झोपवून ते टेबल उभं करायचं आणि शुद्ध जाते का ते पाहायचं. मी दोन्ही करून बसलोय.

हॉल्टरला जोखीम अशी नाहीच. रोज धडधडत असेल, दिवसाआड अंधारी येत असेल तर आधी तोच लावावा. मी मात्र दोन-तीन महिन्यांतून एकदा पडायचो आणि मशीन २४ तासांचं. त्यात मे महिना. खानापूरला घरी पोचेपर्यंत घामानं दोन स्टिकर सुटले, बायकोनं चिकटपट्टी लावून दाबून बसवले. अंघोळ नाही, धड झोप नाही. रिपोर्ट नॉर्मल! मशीन परत दिलं आणि चौथ्या दिवशी बसस्टँडवर कोसळलो, कपाळाला तीन टाके. तिथंच माझं मन हॉल्टरवरून उठलं.

टिल्टला घाबरलो होतो, कारण संमतीच्या कागदावर ‘ठोके बिघडू शकतात’ असं लिहिलेलं. ते खरं आहे, पण क्वचित घडतं. कुणाला एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे अनियमित ठोके) सुरू होतं, ते बहुधा आपोआप थांबतं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत ब्लॉकेज असेल किंवा झडप फार अरुंद असेल, तर मात्र आधीच सांगा. अशांना ही टेस्ट सहसा करत नाहीत.

माझं टेबल ७० अंशांवर उभं केलं. २० मिनिटं काहीच नाही. मग जिभेखाली नायट्रोग्लिसरीनचा, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाचा फवारा. थोड्या वेळानं मळमळलं, कानांत गूं आवाज, आणि पुढचं आठवत नाही. जाग आली तेव्हा टेबल आडवं होतं, सिस्टर “अण्णा, डोळे उघडा” म्हणत होती. डॉक्टरांनी नंतर ईसीजीची पट्टी दाखवली: ठोके विरळ होत गेलेले, मग नऊ सेकंद सरळ रेघ, मग पुन्हा ठोके. बायकोनं त्या रेघेवर बोट फिरवलं आणि रडायलाच लागली. पण आडवं केल्यावर हृदय आपसूक चालू झालं होतं, आणि दीड वर्ष न सापडलेलं कारण त्या रेघेत होतं: व्हेगस नसेची, म्हणजे ठोके मंदावणाऱ्या नसेची, प्रतिक्रिया. आता मळमळलं की पायावर पाय घालून मांड्या आवळतो, मुठी घट्ट धरतो, नाहीतर सरळ आडवा होतो.

क्वचित पडणाऱ्यानं टिल्टच करावी, असं मला वाटतं. धावताना किंवा झोपलेले असताना शुद्ध गेली असेल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर हृदयाचे डॉक्टर सांगतील तेच करा. टेस्टला उपाशी जावं लागतं, सोबत माणूस न्या. परतीच्या बसमध्ये उभं राहू नका. आम्ही दोन गाड्या सोडल्या, पण जागा मिळाल्यावरच चढलो.