पोस्टग्रेसचे कंटेनर ॲन्सिबलमधून चालवताना: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमचे पोस्टग्रेस डेटाबेस गेले काही महिने डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम वेगळा ठेवून चालवणाऱ्या कप्प्यात, चालत आहेत आणि ते उभे करण्याचे काम ॲन्सिबल या स्वयंचलनाच्या साधनाच्या प्लेबुककडे, म्हणजे पायऱ्या लिहिलेल्या फाइलकडे, आहे. नवा सर्व्हर झटपट तयार होतो, सगळीकडची सेटिंग्ज एकसारखी राहतात आणि या सोयीवर मी समाधानी आहे. मात्र प्लेबुक यशस्वी झाले, याचा अर्थ कंटेनर सुरू झाला एवढाच असतो. आतला डेटाबेस कोणत्या अवस्थेत आहे, हे व्होल्यूममध्ये, म्हणजे कंटेनर बदलला तरी टिकणाऱ्या साठ्यात, आधीपासून काय आहे यावर ठरते. त्यामुळे बिघाडाचा शोध मी आता व्होल्यूमपासून सुरू करतो.

सर्वाधिक वेळ पासवर्डची अडचण खाते. प्लेबुकमध्ये पासवर्ड बदलून कंटेनर नव्याने तयार केला, तरी ॲप्लिकेशनला प्रवेश नाकारला जातो, कारण पोस्टग्रेसची अधिकृत इमेज (कंटेनर ज्यावरून तयार होतो तो साचा) एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे कंटेनरला बाहेरून दिलेल्या सेटिंगमधून, मिळालेला पासवर्ड आणि सुरुवातीच्या स्क्रिप्ट्स व्होल्यूममधली डेटा डिरेक्टरी रिकामी असतानाच वापरते. त्यातच कंटेनरच्या आतून केलेली जोडणी पासवर्डशिवाय होते, कारण तेथे लोकल जोडणीसाठी पासवर्ड न विचारणारी ‘ट्रस्ट’ पद्धत लागू असते. म्हणून पासवर्डची खात्री दुसऱ्या कंटेनरमधूनच करावी. यावर व्होल्यूम पुसून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो मला अत्यंत घातक वाटतो. डेटाबेसमध्ये रोलचा (वापरकर्त्याचा) पासवर्ड बदलणारी ‘अल्टर रोल’ ही आज्ञा चालवली की काम होते आणि डेटाही सुरक्षित राहतो.

याहून फसवा प्रकार अर्धवट राहिलेल्या स्क्रिप्टचा आहे. सुरुवातीची स्क्रिप्ट मध्येच अडखळली की कंटेनर बंद पडतो. बंद पडलेला कंटेनर आपोआप सुरू करणारी डॉकरची रीस्टार्ट पॉलिसी त्याला लगेच पुन्हा उठवते, तोवर डेटा डिरेक्टरी भरलेली असल्यामुळे उरलेल्या स्क्रिप्ट्स वगळल्या जातात आणि डेटाबेस निमूटपणे चालू राहतो, फक्त काही टेबले किंवा रोल त्यात नसतात. अशा वेळी लॉगच्या शेवटच्या ओळी निरुपयोगी असतात. लॉग अगदी पहिल्या ओळीपासून वाचावा लागतो.

हेल्थचेकच्या, म्हणजे डेटाबेस तयार आहे का हे पाहणाऱ्या तपासणीच्या, बाबतीतही सावध राहावे लागते. पहिल्या उभारणीच्या वेळी इमेज एक तात्पुरता सर्व्हर चालवते आणि तो नेटवर्कवर नव्हे, फक्त युनिक्स सॉकेटवर (त्याच कंटेनरमधल्या अंतर्गत जोडणीवर) ऐकतो. ही तपासणी करणाऱ्या ‘पीजी इज रेडी’ला होस्ट (सर्व्हरचा पत्ता) दिला नाही, तर ते या तात्पुरत्या सर्व्हरलाच तयार समजते आणि पुढची पायरी वेळेआधी सुरू होते. होस्ट म्हणून १२७.०.०.१ हा कंटेनरचा स्वतःचा नेटवर्क पत्ता दिल्यापासून आमच्याकडे हा त्रास थांबला.

कंटेनर १३७ कोड देऊन बंद झाला असेल, तर त्याला सिगकिल, म्हणजे प्रोग्रॅम जबरदस्तीने थांबवणारा सिग्नल, मिळाला आहे. मेमरी संपली होती का, हे ‘डॉकर इन्स्पेक्ट’ सांगते. नसेल, तर ‘डॉकर स्टॉप’ची १० सेकंदांची मुदत डेटाबेसला अपुरी पडली असण्याची शक्यता पाहावी.

इमेजचा टॅग, म्हणजे आवृत्ती दाखवणारी खूण, ‘लेटेस्ट’ कधीही ठेवू नये, कारण त्यामुळे नकळत नवी मुख्य आवृत्ती येऊ शकते. मुख्य आवृत्ती बदलली की जुनी डेटा डिरेक्टरी नव्या सर्व्हरला उघडता येत नाही. शिवाय आवृत्ती १८ पासून अधिकृत इमेजमध्ये डेटाचा मार्गही बदललेला असल्यामुळे, व्होल्यूम जोडण्याची प्लेबुकमधली ओळ अपग्रेडच्या आधीच तपासून घ्यावी लागते.