पडद्यावर १०५० टीआय, आत जीटीएस ४५०

असेंबल केलेल्या संगणकात ग्राफिक कार्डाच्या नावावर फसवणूक कशी होते, ते माझ्या बाबतीत इंदूरमध्ये घडलं तसं लिहितो आहे. २०२१ सालची गोष्ट. तेव्हा नवी कार्डं मिळत नव्हती आणि मिळाली तर भाव परवडत नव्हता. टंचाई इतकी होती की एनव्हिडिया कंपनीनं २०१६ साली आणलेलं जीटीएक्स १०५० टीआय हे कार्ड पुन्हा बाजारात सोडलं होतं. त्यामुळे पाच वर्षं जुन्या मॉडेलचं नवं कोरं कार्ड दुकानात दिसलं तर त्यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं. लबाडी करणाऱ्यांनी नेमकी हीच वेळ साधली.

मी रामबागेत राहतो. मुंजी, लग्नं, गणेशोत्सवातले गाण्याचे कार्यक्रम यांचं शूटिंग आणि एडिटिंग हा माझा व्यवसाय. हल्ली बरंचसं शूटिंग एच.२६५ या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये येतं आणि ते जुन्या मशीनवर अडखळतं, म्हणून नवं मशीन बांधायला दिलं, त्यात १०५० टीआय कार्ड ठरलं. दुकानदारानं आय-५ १०४००एफ हा प्रोसेसर सुचवला. प्रोसेसर चांगलाच आहे. पण इंटेलच्या ज्या मॉडेलच्या शेवटी 'एफ' असतो त्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतं, पडद्यावरचं सगळं चित्र कार्डातूनच येतं. म्हणजे कार्डाखेरीज दुसरी वाटच नाही, आणि कार्ड काढून तुलना करून बघायचीही सोय नाही.

मशीन ताब्यात घेताना मी कार्डाची खात्री करून मागितली. त्यानं काहीही आढेवेढे घेतले नाहीत, उलट हौसेनं दाखवलं. डिव्हाइस मॅनेजर उघडला, तिथे नाव बरोबर. डीएक्सडायग हे विंडोजमधलंच तपासणीचं साधन उघडलं, त्यात डायरेक्ट थ्रीडी अ‍ॅक्सलरेशनसमोर 'एनेबल्ड', म्हणजे चित्राचं काम कार्ड करतं आहे. मग खिशातल्या पेन ड्राइव्हवरून जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालवलं. त्यातही जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी, ७६८ शेडर (म्हणजे चित्राचं गणित करणारे कोअर). "देख लो भाईसाब, सब लिखा हुआ है." शेवटी एक फुल एचडी व्हिडिओ लावून दाखवला, तो लोण्यासारखा चालला. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, जीएसटीचे अठरा टक्के वेगळे लागतील, आणि हातात पर्ची, म्हणजे साधी चिठ्ठी, ठेवली. निघताना आवर्जून सांगितलं की विंडोजचं अपडेट बंद केलं आहे, ते चालू करू नका, मशीन स्लो होतं.

घरी आल्यावर डाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडेना, ग्राफिक कार्ड चालत नसल्याचा संदेश देऊन बंद पडे. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये काम सुरू केलं, तर टाइमलाइनवर फुटेज जरा वाढलं की पडद्यावर रंगीत पट्टे यायचे आणि मशीन गोठायचं. एच.२६५ ची क्लिप लावली की प्रोसेसर शंभर टक्क्यांवर. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर विंडोज १० मध्ये जीपीयूचा, म्हणजे कार्डावरच्या मुख्य चिपचा, आलेख दिसतो, तो इथे नव्हताच. दुकानात फोन केला. उत्तर मिळालं, तुमचं सॉफ्टवेअर क्रॅकवालं असेल. मी रीतसर उतरवलेलं आहे म्हटल्यावर, रॅम कमी पडते, आणखी आठ जीबी टाकून घ्या. एका लबाडीवर दुसरी विक्री करायला निघाला होता तो माणूस. मी एनव्हिडियाच्या साइटवरून ताजा ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवता यावं यासाठीचं सॉफ्टवेअर) घालून पाहिला, तर पडदा जाड जाड अक्षरांवर आला आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या त्रिकोणासह कोड ४३, म्हणजे कार्ड नीट चालत नसल्याचा इशारा, दिसू लागला.

खरं काय ते भाच्यानं शोधलं. तो अभियांत्रिकीला आहे. त्यानं उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी मोफत लिनक्स प्रणाली) पेन ड्राइव्हवरून सुरू केलं, काहीही इन्स्टॉल न करता. टर्मिनलमध्ये कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, नोंदी काढल्या आणि म्हणाला, "मामा, ही ओळ वाचा." त्यात नूवो या लिनक्समधल्या ड्रायव्हरनं लिहिलं होतं: एनव्हिडिया जीएफ १०६. ही चिप २०१० सालच्या जीटीएस ४५० ची. १०५० टीआयमध्ये जीपी १०७ असते. जीटीएस ४५० मध्ये १९२ कोअर असतात आणि मेमरी साधारणपणे १ जीबी. ७६८ कोअर आणि ४ जीबीचे पैसे देऊन अकरा वर्षं जुनं कार्ड घरी आलं होतं.

हे कसं करतात ते समजून घ्या, म्हणजे सगळ्या तपासण्यांचा अर्थ लागेल. कार्डावर एक छोटी बायोस चिप असते. कार्डाचा ओळख क्रमांक आणि मेमरी किती, हे विंडोजला त्या बायोसच्या सांगण्यावरून कळतं. जुन्या कार्डात बदललेली बायोस भरली की ते स्वतःला १०५० टीआय म्हणवतं आणि ४ जीबी सांगतं. प्रत्यक्षातली १ जीबी भरली की पट्टे येतात. सोबत एक फेरफार केलेला जुना ड्रायव्हर द्यावा लागतो, कारण खरा ड्रायव्हर १०५० टीआयची चिप आहे असं धरून चालतो आणि समोर दुसरीच चिप आली की कोलमडतो. म्हणून तर अपडेट बंद ठेवायला सांगतात. नूवो बायोसच्या नावावर विसंबत नाही, चिपच्या आतलं रजिस्टर वाचतो. दारावरची पाटी बदलली म्हणून घरात राहणारा बदलत नाही.

जीपीयू-झेडनंही खरं तर सांगायला हवं होतं. ऑक्टोबर २०१८ च्या २.१२ आवृत्तीपासून ते अशा कार्डाच्या नावाआधी 'फेक' असं लिहितं. दुकानदाराच्या पेन ड्राइव्हवर त्याआधीची आवृत्ती होती. आम्ही नवी उतरवून चालवली, पहिल्याच शब्दात उत्तर आलं. त्याला काही ठाऊक नव्हतं, असं मी यामुळेच मानत नाही.

अ‍ॅक्सलरेशन चालू आहे की नाही आणि ते कोणती चिप करते आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुकानात पहिल्याचं उत्तर दाखवतात आणि दुसऱ्याचं मिळालं असं आपल्याला वाटतं. क्रोममध्ये पत्त्याच्या जागी 'क्रोम', कोलन, दोन तिरक्या रेघा आणि 'जीपीयू' असं इंग्रजीत टाइप केलं की एक पान उघडतं. तिथे 'हार्डवेअर अ‍ॅक्सलरेटेड' दिसलं की लोक निर्धास्त होतात. नकली कार्डावरही ते तसंच दिसतं, कारण २०१० चं कार्डसुद्धा पान रंगवण्याचं काम करतंच. त्याच पानावर खाली व्हिडिओ अ‍ॅक्सलरेशनची यादी असते. १०५० टीआय असेल तर तिथे व्हीपी९ या व्हिडिओ फॉरमॅटचं डिकोड आलंच पाहिजे, जीटीएस ४५० ला ते जमत नाही. डीएक्सडायगमध्ये 'एनेबल्ड' बघून थांबू नका, 'फीचर लेव्हल्स'ची, म्हणजे कार्ड किती नव्या सोयी पेलतं ते सांगणारी, ओळ वाचा. १०५० टीआयला तिची सुरुवात १२_१ नं होते, माझ्याकडे ११_० होती. टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा आलेख नसेल तर ड्रायव्हर फार जुना आहे किंवा नाहीच. तो का नाही, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

ज्यांच्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे त्यांनी दुकानदारावर संशय घेण्याआधी मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावली आहे की कार्डाला, ते पाहावं. केबल मदरबोर्डला असेल तर चांगलं कार्डही नुसतं बसून राहतं. आणि 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' दिसत असेल तर बहुतेक वेळा ड्रायव्हर घालायचा राहिलेला असतो, फसवणूक असेलच असं नाही.

सर्वांत सोपी खूण मशीन सुरूही न करता दिसते. माझ्या कार्डाच्या मागे निळा व्हीजीए पोर्ट, म्हणजे मॉनिटरची जुनी अ‍ॅनालॉग जोडणी, होता. १०५० टीआयच्या पिढीपासून एनव्हिडियानं अ‍ॅनालॉग आउटपुट काढून टाकलं आहे. १०५० टीआय म्हणून दाखवलेल्या कार्डावर व्हीजीए दिसला तर पुढे काही तपासायची गरज नाही, दुकानातून बाहेर पडा. वीजजोडणीवरून मात्र निष्कर्ष काढू नका. सहा पिनांचा कनेक्टर माझ्या कार्डावर होता, पण १०५० टीआयच्या काही खऱ्या मॉडेलांवरही तो असतो.

दुकानदारानं आधी हात वर केले. पर्चीवर नुसतं 'ग्राफिक कार्ड' लिहिलं होतं. माझ्याकडे त्यानंच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं कोटेशन होतं, त्यात मॉडेल, ४ जीबी आणि 'न्यू' हे तिन्ही होतं, शिवाय पैसे यूपीआयनं दिलेले. हे चॅट पुसू नका, पर्चीपेक्षा तेच कामाला येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (आता तिचा क्रमांक १९१५ आहे) तक्रार नोंदवली आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाण्यासाठीचा अर्ज तयार करून त्याची प्रत दुकानात नेऊन दिली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार माल विकून बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा ठरते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगात फी नाही आणि तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत आहे. ही प्रत वाचल्यावर त्याचा सूर बदलला आणि कार्डाचे पैसे परत मिळाले.

त्याला कार्ड परत हवं होतं. कायद्यानं ते त्याचंच, म्हणून दिलं. पण तेच कार्ड उद्या दुसऱ्या कुणाला विकलं जाणार, हे उघड होतं. म्हणून देण्याआधी भाच्यानं बोर्डाच्या दोन्ही बाजूंना पक्क्या मार्करनं मोठ्या अक्षरांत 'जीटीएस ४५०' लिहिलं, सिरियल नंबरासकट फोटो काढले आणि ते तक्रारीला जोडले. दुकानदार चिडला. त्याचा राग मला मान्य आहे.

अशी कार्डं आता 'ऑफिसच्या मशीनमधून काढलेलं, कमी वापरलेलं' असं सांगून सेकंड हँडमध्ये येतात. घ्यायला जाताना पेन ड्राइव्हवर उबुंटू आणि जीपीयू-झेडची ताजी आवृत्ती स्वतःची न्या, विकणाऱ्याची वापरू नका. विकणारा पेन ड्राइव्ह लावू देत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा.