सोनी ए६४०० आणि बॅगेतली बाकीची मंडळी, साडेतीन वर्षं वापरून झाल्यावर

हा रिव्ह्यू लिहायला तसा उशीरच झालाय, कारण कॅमेरा आला २०१९ च्या जानेवारीत, मी घेतला त्यानंतर बराच उशिरा, आणि आता त्याच्या पुढचा ए६७०० पण लोकांनी वापरून जुना केला. पण डबा उघडल्या उघडल्या लिहिलेल्या रिव्ह्यूचा मला स्वतःला कधी फारसा उपयोग झालेला नाही. पहिल्या आठवड्यात कुठलाही कॅमेरा भारीच वाटतो, काय खुपतं ते कळायला दोन पावसाळे जावे लागतात. आणि आधीच सांगून ठेवतो, यात बॉडीबद्दल कमी आणि तिला पुढून, खालून, बाजूने जे काय जोडलं त्याबद्दल जास्त आहे.

बॉडीचं उरकून घेतो. २४ मेगापिक्सेल, एपीएस-सी (म्हणजे जुन्या ३५ एमएम फिल्मच्या चौकटीपेक्षा छोटा) सेन्सर, बॅटरी आणि कार्डसकट ४०३ ग्रॅम. ऑटोफोकस आजही मस्त आहे, माणसाचा डोळा धरला की सोडत नाही, २०१९ च्याच फर्मवेअर अपडेटनंतर कुत्र्यामांजरांचे डोळे पण धरतो. पक्ष्यांचे डोळे ओळखणारी सोय यात नाही, ती ए६७०० मध्ये आहे. बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) नाही, हे घेताना मला माहीत होतं पण त्याचा अर्थ काय ते माहीत नव्हतं, त्यावर खाली येतोच. डायल वर एक आणि मागे एक, पुढे बोटापाशी काहीच नाही, याची सवय व्हायला महिना गेला. ग्रिप छोटी आहे, माझी करंगळी कायम हवेत असते. बस, बॉडीबद्दल एवढं पुरे.

मी फोटो कशाचे काढतो तर सगळ्याचेच, आणि गोंधळ तिथूनच सुरू झाला. घरात भाची, सकाळी पक्षी, पावसाळ्यात किडे, मधूनच कुणाच्या तरी मुलीचा स्टेजवरचा नाच, आणि अमावस्येला हौस आली तर आकाश. प्रत्येक विषयाला वेगळी लेन्स हवी असं सगळे सांगतात आणि ते खोटं नाही, पण मी लेन्स निवडताना नुसते मिलिमीटर (आकडा मोठा तितकी दूरची गोष्ट मोठी दिसते) बघत होतो आणि तिथेच फसलो. आता कुणी विचारलं की कुठली लेन्स घेऊ, तर मी उलटं विचारतो की तू उभा कुठे राहणार? म्हणजे तुला खरंच किती फूट जागा मिळणार आहे ते सांग, लेन्स मग आपोआप ठरते.

उदाहरण द्यायचं तर माझीच फजिती सांगतो. भाचीच्या फोटोंसाठी मी आधी सिग्माची ५६ एमएम एफ १.४ (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त आत येतो) घेतली, कारण सगळीकडे पोर्ट्रेट म्हटलं की हीच. लेन्स खरंच सुंदर आहे, मागचं सगळं लोण्यासारखं विरघळतं. पण आमची खोली दहा फुटांची. दोनअडीच वर्षांचं पोर डोक्यापासून पायापर्यंत आडव्या फ्रेममध्ये घ्यायचं तर ५६ ने साधारण अकरा फूट मागे जावं लागतं, म्हणजे मी पाठ भिंतीला लावून, कपाटाच्या हँडलने खांदा टोचून घेत उभा, आणि ती धावत माझ्याकडेच येतेय, लेन्स तर अर्ध्या मीटरच्या आत फोकसच करत नाही. "मामा, झाला का फोटो?" तोपर्यंत ती माझ्या गुडघ्याशी. नाही झाला गं. महिन्याभरात ती लेन्स विकली आणि त्याच कंपनीची ३० एमएम एफ १.४ घेतली, तिने हाच फोटो सहा फुटांवरून निघतो आणि सहा फूट म्हणजे जमिनीवर बसून, मांडी घालून, निवांत. २०१६ ची लेन्स आहे, २६५ ग्रॅम, एफ १.४ ला समोर उजेड असेल तर कडांना जांभळट रेघ येते हे खरं, पण ती एका स्लायडरने जाते आणि अंधाऱ्या खोलीत मिळणारा उजेड कुठल्याच स्लायडरने मिळत नाही.

इथे स्टॅबिलायझेशनचा मुद्दा. ३० ला पण स्टॅबिलायझेशन नाही आणि बॉडीला पण नाही, म्हणजे दोन्ही हात तुमचेच. शटर १/६० सेकंदापेक्षा जास्त वेळ उघडा ठेवला की माझे फोटो हलतात. पण लहान मूल १/६० ला तसंही हलतंच, त्याला १/२५० हवा, आणि तिथे स्टॅबिलायझेशन असलं काय नसलं काय सारखंच. ते उपयोगी पडतं न हलणाऱ्या गोष्टींना, म्हणजे संध्याकाळची इमारत, देवळाचा गाभारा, काचेमागची वस्तू, आणि हातात धरून काढलेल्या व्हिडिओला. ज्यांना हेच जास्त काढायचंय त्यांनी ए६४०० कडे बघू नका, सरळ ए६७०० घ्या, त्याच्या बॉडीत ते आहे. बाकीच्यांनी या एका शब्दासाठी झोप घालवू नये.

आता पक्षी. सोनीची ७०-३५० जी, ६२५ ग्रॅम, छोट्या सेन्सरचा क्रॉप धरून ५२५ एमएमपर्यंत जाते. मला वाटलं आता काय, झाडावरचं काहीही खाली उतरवतो. पहिल्याच सकाळी तळ्याकाठी खंड्या दिसला, छोटा निळा, आणि मी दहा मीटरवरून धडाधड काढले. घरी येऊन बघतो तर फ्रेमच्या रुंदीत पक्षी जेमतेम पावपट. वीस मीटरवर असता तर आठवा हिस्सा. गणितच तसं आहे, ३५० एमएमला दहा मीटरवर फ्रेमची रुंदी साधारण ६७ सेंटिमीटर येते आणि खंड्या असतो चोचीपासून शेपटीपर्यंत सोळासतरा. म्हणजे लेन्सने पक्षी जवळ येत नाही, आपल्यालाच जावं लागतं, किंवा आधी जाऊन गप बसावं लागतं आणि त्याला येऊ द्यावं लागतं. आता मी उजाडायच्या आधी बसतो, हिरवट शर्ट, फोन सायलेंट, एकाच काठीकडे नजर, कारण खंड्या परतपरत त्याच काठीवर येऊन बसतो. तो बसायच्या आधीच काठीवर फोकस करून ठेवायचा.

या लेन्सचा खरा त्रास अंतराचा नाही, उजेडाचा आहे. ३५० ला एफ ६.३, सकाळी साडेसहाला १/१००० हवा असेल तर आयएसओ, म्हणजे उजेड कमी म्हणून वाढवावी लागणारी संवेदनशीलता, ६४०० च्या वर जातो आणि पिसांचे बारकावे रांगोळी विस्कटल्यासारखे होतात. बसलेल्या पक्ष्याला मी १/३२० वर येतो, लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन आहे तेव्हा माझा हात चालून जातो, दहा काढले की तीनचार टाचणीसारखे निघतात. उडणाऱ्यांसाठी ऊन वर येईपर्यंत थांबतो. सेकंदाला अकरा फोटो काढतो हा कॅमेरा पण रॉमध्ये (प्रक्रिया न केलेल्या मोठ्या फाइलींमध्ये) साधारण चार सेकंदांत बफर, म्हणजे आतली तात्पुरती साठवण, भरतो आणि मग कार्डावर लिहीत बसतो. कार्डाचा स्लॉट यूएचएस-१, म्हणजे कमी वेगाचा, आहे, त्यामुळे महागडं यूएचएस-२ कार्ड घालून कॅमेऱ्यात काही फरक पडत नाही, फक्त कॉम्प्युटरवर कॉपी करताना पडतो, तो पण रीडर तसा असेल तर. मी हे कार्ड घेतल्यावर शोधून काढलं, काखेत कळसा आणि गावाला वळसा.

किड्यांवर मी सगळ्यात जास्त रमलो आणि तिथे सगळ्यात कमी खर्च झाला हे विशेष. वेगळी मॅक्रो लेन्स घ्यायची तयारी चालली होती, तेवढ्यात एका मित्राने त्याची रेनॉक्स डीसीआर-२५० वापरायला दिली. ही म्हणजे भिंगच आहे, ८ डायॉप्टरचं, चिमटा दाबून लेन्सच्या पुढे बसवायचं, फिल्टरचा व्यास ५२ ते ६७ एमएम असलेल्या कुठल्याही लेन्सवर बसतं. ७०-३५० चा फिल्टर ६७ चा आहे. बसवलं, बाहेर कुंडीपाशी गेलो आणि मुंगळ्याच्या डोक्यावरचे केस दिसले. केस! मला मुंगळ्याला केस असतात हे माहीत नव्हतं.

पण इथेही परत अंतर. हे भिंग लावलं की किड्यापासून साधारण ११-१२ सेंटिमीटरवरच फोकस होतो, झूम कितीही करा. वीतभरही नाही. ७० कडे कोपरे काळे होतात, १५० च्या पुढे साफ, आणि ३५० ला इतकं मोठं दिसतं की नुसता श्वास घेतला तरी मुंगळा फ्रेमच्या बाहेर. फोकसची पट्टी कागदाच्या जाडीएवढी असते, ऑटोफोकस बंद करून टाकायचा आणि कॅमेरा धरून आपणच डुलत पुढेमागे व्हायचं, डोळा शार्प दिसला की क्लिक. एफ ११ वर ठेवायचं म्हणजे उजेड लागतो, म्हणजे फ्लॅश. बॉडीवरचा छोटा फ्लॅश लेन्सच्या सावलीतच अडकतो, म्हणून बाहेरचा लावला आणि त्याच्यापुढे पॅकिंगमधला पांढरा फोम वाकवून रबर बँडने बांधला. सिंक (फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यात जलद शटर) १/१६० आहे, कमी वाटतो, पण प्रकाश सगळा फ्लॅशचाच असल्यामुळे हलल्याचं दिसत नाही. चतुर आणि टाचण्या (चतुरासारखेच पण सडपातळ किडे) पहाटे काढाव्यात, अंगावर दव असतं आणि गारठ्याने उडत नाहीत. दुपारी त्यांच्यामागे पळणं म्हणजे निव्वळ व्यायाम.

स्टेजवरच्या नाचाला मी सिग्माची १८-५० एफ २.८ नेतो. तीनशे ग्रॅमच्या आतली ही लेन्स, २०२१ मध्ये आली, आता फुजीच्या एक्स आणि कॅननच्या आरएफ माउंटच्या कॅमेऱ्यांना पण मिळते. मला एकच लेन्स ठेव म्हणालात तर मी हीच ठेवेन. कॅमेऱ्यासोबत येणारी १६-५० खिशात मावते एवढी छोटी आहे आणि दिवसाउजेडी बाहेर काही वाईट नाही, पण आत गेलात की एफ ५.६ ला ती हात टेकते. पहिल्या कार्यक्रमाला मी शहाणपणा करून सायलेंट शूटिंग, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर, चालू केलं, लोकांना आवाजाचा त्रास नको म्हणून. चारशे फोटो. त्यातल्या निम्म्यांवर आडवे पिवळे-निळे पट्टे, आणि हात जोरात फिरले तिथे हात वाकडे. एलईडी लाइट लुकलुकतात आणि या कॅमेऱ्याचा इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर हळू वाचतो, म्हणून असं होतं. मुलीच्या आईला ते दाखवताना जे वाटलं ते वाटलं. तेव्हापासून स्टेजला मेकॅनिकल शटर, आणि वीज ५० हर्ट्झची असेल तर शक्य तिथे १/१००.

आता किरकोळ सामान. यालाच आमच्याकडे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात. बॅटरी आधी. एनपी-एफडब्ल्यू५० छोटी आहे, कंपनीच्याच आकड्यांनी व्ह्यूफाइंडर वापरून ३६० फोटो, थंडीत त्याहून कमी. म्हणून मी कुठल्यातरी तिसऱ्याच कंपनीच्या दोन स्वस्त बॅटऱ्या घेतल्या, त्यातली एक आत असतानाच फुगली आणि बाहेर येईना. चिकटपट्टी चिकटवून, ओढून, देवाचं नाव घेऊन काढली. यात पैसे वाचवू नका, ओरिजिनल दोन ठेवा, आणि एक पॉवर बँक, कारण यूएसबीवर हा कॅमेरा चार्ज होतो, फक्त सॉकेट जुनी मायक्रोवाली आहे, केबल विसरलात तर कुणाकडे मिळत नाही.

फिल्टरचं एक सांगतो जे मला कुणी सांगितलं नव्हतं. ३० चा फिल्टर ५२ चा, १८-५० चा ५५, ७०-३५० चा ६७. प्रत्येकाला वेगळा पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) घेऊ नका, एक चांगला ६७ चा घ्या आणि तो लहान लेन्सांवर बसवायला दोन स्टेप-अप रिंगा. तोटा एवढाच की रिंग लावली की लेन्सचं हुड (पुढे लावायची झडप) बसत नाही. आणि स्वस्त यूव्ही फिल्टर काढून टाका, रात्री रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याची हिरवी भुतं आभाळात तरंगायची, मी चार महिने लेन्सला दोष देत होतो. त्यापेक्षा हुड लावा, धक्का पण तेच खातं.

ट्रायपॉड हलका घेतला तो वाऱ्यात थरथरायचा, आता जड आहे तो न्यायचा कंटाळा येतो, यावर उपाय मला सापडलेला नाही. कॅमेऱ्याच्या तळाला लावायची प्लेट मात्र छोटी घ्या, मोठी लावली की बॅटरीचं झाकण उघडत नाही आणि दर वेळी स्क्रू सोडवत बसावं लागतं. रबरी ब्लोअर हवाच, कारण लेन्स बदलताना सेन्सर उघडा पडतो, तोंड खाली करून बदला आणि महिन्यातून एकदा एफ १६ ला रिकामं आभाळ काढून डाग बघा. व्हिडिओवाल्यांसाठी एवढंच की स्क्रीन वरच्या बाजूला उलटते, त्यामुळे वर माइक लावला की स्वतःचं तोंड दिसत नाही, आणि ४के ३० फ्रेमला थोडा क्रॉप होतो (कडा कापल्या जातात), २५ ला होत नाही.

राहिली १६ एमएम एफ १.४, आकाशासाठी घेतलेली. हातात धरायला जरा बोजड, पण दहाबारा सेकंदांत तारे ठिपक्यासारखे येतात, त्याहून जास्त ठेवलं की रेघा व्हायला लागतात. फोकस हाताने, स्क्रीनवर एक ठळक तारा मोठा करून, तो बारीक टिंब होईपर्यंत. कॅमेरा बंद केलात तर परत पहिल्यापासून. वर्षातून चारपाच वेळा निघते ती, बाकी कपाटात. विकून टाकावी असं दर महिन्याला ठरवतो, मग येत्या अमावस्येला ढग नसतील असं कुणीतरी सांगतं.