साठ की सात? घरच्या इंटरनेट फोनचे सात महिने

औषधांच्या होलसेलरकडे फोनवर ऑर्डर घ्यायचं माझं काम, गेले सात महिने घरूनच. ऑफिसनं एक छोटी काळी डबी दिली, अ‍ॅडॉप्टर म्हणतात तिला. एका बाजूला नेटची केबल, दुसऱ्या बाजूला साधा फोन. माळ्यावर पडलेला जुना लँडलाइनचा फोन पुसून तिला जोडला आणि काम सुरू.

आठवड्याभरातच एका मेडिकलवाल्या काकांनी विचारलं, स्ट्रिप किती शिल्लक आहेत? मी म्हटलं "साठ". त्यांना ऐकू गेलं "सात". बाकीचा माल त्यांनी दुसरीकडून मागवला, आणि हे मला कळलं दोन दिवसांनी. तोवर "हॅलो, हॅलो, तुटक येतंय" हे मी दिवसातून वीसदा ऐकत होतो.

पहिला संशय अर्थातच केबलवाल्यावर. त्याचा मुलगा आला, मोबाइलवर स्पीड टेस्ट केली, "पन्नास येतायत की साहेब" म्हणून चहा पिऊन गेला. त्याचंही खरंच होतं. पण फोनला स्पीड लागतोच किती? माझ्या फोनचं कोडेक, म्हणजे आवाजाचे आकडे करायची पद्धत, जी.७११. आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे, सेकंदाला ५० पाकिटं, पाकिटावरचा पत्ता वगैरे वेष्टणं धरून साधारण ८० केबीपीएस (सेकंदाला ८० हजार बिट). माझं अपलोड, म्हणजे घरातून बाहेर जाणारा वेग, १० एमबीपीएस (सेकंदाला एक कोटी बिट) आहे, म्हणजे असे शंभर फोन तरी एकावेळी चालावेत. प्रश्न पाकिटं वेळेवर पोचण्याचा आहे. उशिरा आलेलं पाकीट पलीकडचा फोन सरळ टाकून देतो, आणि "साठ"मधला "ठ" तिथेच जातो.

दुसरी चूक माझीच. डबी बेडरूममध्ये, वायफाय एक्स्टेंडरला जोडलेली. स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह लागला की आवाजाची पार भेळ, कारण दोघंही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच. पंधरा मीटरची केबल आणून भिंतीच्या कडेनं राउटरपर्यंत नेली. "घराची शोभा गेली" हे ऐकून घेतलं. दुपारचे कॉल सुधारले, पण चारच्या सुमाराला पुन्हा तेच. रोज चारलाच का?

उत्तर एका गोष्टीत दडलं होतं आणि ती मी तीन महिने पाहिलीच नाही: मला समोरच्याचं अगदी स्वच्छ ऐकू येत होतं. तुटक जात होता तो माझा आवाज. म्हणजे घोळ घरातून बाहेर जाणाऱ्या वाटेवर, अपलोडमध्ये. मग लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडून पिंग (पाकीट जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणं) लावून ठेवलं, एक राउटरला, एक बाहेर. राउटर कायम १-२ मिलिसेकंद. बाहेरचं २० च्या आसपास, आणि चार वाजून दहा मिनिटांनी एकदम ३८०, ४५०, ६००. त्याच वेळी बायको शाळेतून येऊन मोबाइल चार्जिंगला लावते. चार्जिंग सुरू झालं की फोटोंचा बॅकअप सुरू. स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ बाहेर जायच्या रांगेत पुढे उभे, माझा "साठ" त्यांच्या मागे ताटकळत. टोलनाक्यावर कंटेनरच्या मागे रुग्णवाहिका अडकावी तसं. केबलवाल्याला तीन महिने दिलेल्या शिव्या मी मनातल्या मनात परत घेतल्या.

याला बफरब्लोट म्हणतात. बॅकअप रात्री दोनला लावणं हा फुकटचा इलाज, तो महिनाभर टिकला. मग भाच्याचा मोबाइल आला, मग जिन्यातला कॅमेरा. शेवटी ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं मोफत सॉफ्टवेअर चालणारा राउटर घेतला, त्यात एसक्यूएम (रांग सांभाळणारी सोय) सुरू केलं, रांगेची पद्धत "केक" नावाची निवडली आणि अपलोडची मर्यादा ९ एमबीपीएस ठेवली. मोजलेल्या वेगापेक्षा थोडी कमी ठेवायची, म्हणजे रांग आपल्याच राउटरमध्ये लागते आणि छोट्या पाकिटांना वाट मिळते. बॅकअप चालू असतानाही पिंग आता तिशीच्या आत. फोटो चढायला जरा वेळ जास्त लागतो, कुणाच्या लक्षातही आलेलं नाही.

मधल्या काळात अ‍ॅडॉप्टरचं जिटर बफर, म्हणजे मागेपुढे येणारी पाकिटं जरा थांबवून ओळीनं वाजवायची जागा, तेही वाढवून पाहिलं होतं. त्यानं माझा आवाज सुधारणार नव्हताच, ते आत येणाऱ्या आवाजासाठी असतं. उलट उशीर वाढला आणि आम्ही एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागलो. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असला तर बोलणं सहज वाटतं, असा आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचा दंडक आहे. मी तो ओलांडला असणार. परत मूळ जागी आणलं. नव्या राउटरवर दोनदा असं झालं की घंटी वाजायची, उचलल्यावर मात्र एकाच बाजूनं आवाज. सिप एएलजी, म्हणजे इंटरनेट फोनच्या पाकिटांत राउटरनं केलेली ढवळाढवळ, बंद केल्यावर ते थांबलं.

एक तक्रार उरलीच. लाइट गेली की फोन गेला. जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट यायचे, घरात अंधार असला तरी तो चालायचा. आता केबलवाल्याची डबी, राउटर, अ‍ॅडॉप्टर अशा तीन वस्तू जिवंत लागतात. छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावलाय, पण अ‍ॅडॉप्टरची पिन ५ व्होल्टची निघाली, तिच्यासाठी पॉवर बँक. टेबलाखाली वायरींचं जंगल झालंय आणि झाडू मारताना महिन्यातून एकदा तरी एखादी पिन निघतेच.

काकांची ऑर्डर मात्र परत चालू झाली. अजूनही आकडा सांगितला की ते विचारतात, "साठ ना? सहावर शून्य?"